कवळीकाकांची मिस्सा

माझ्या ज्या ज्या पेशंटला कवळी बसली, त्याची ती कवळी कवळीकाकांच्या हातची आहे. मी दातांची डॉक्टर. तोंडाचं माप मी घेते. पण त्या मापावरून प्लास्टरचा साचा काढणं, मेणात एकेक दात रचणं, हिरडीचा रंग जुळवणं आणि शेवटी मोटरवर घासून कवळी अशी गुळगुळीत करणं की जिभेला ती परकी वाटू नये, हे सगळं त्यांचं काम. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांची एक लांबट खोली आहे. आत शिरलं की प्लास्टरची भुकटी नाकात जाते आणि गरम मेणाचा वास येतो. भिंतीवरच्या फळ्यांवर साच्यांच्या रांगा. अख्ख्या वस्तीची तोंडं तिथे आ वासून बसलेली. त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही. लहानथोर सगळे कवळीकाकाच म्हणतात, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही.

काका बोलताना अडखळतात. लहानपणापासूनच. पहिलं अक्षर ओठांवर येऊन अडतं, मान खाली जाते, डोळे मिटतात, आणि समोरचा माणूस, दया येऊन म्हणा किंवा घाई असते म्हणून म्हणा, त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. बहुतेक वेळा चुकीचं. काका मग मान डोलावून मोकळे होतात. "वाद घालायचा म्हणजे पुन्हा बोलावं लागतं, डॉक्टर," असं ते मला एकदा म्हणाले होते. त्यांचं बोलणं मी इथे सरळ लिहिते आहे. एकेका वाक्याला लागलेला वेळ वाचणाऱ्याने मनातल्या मनात धरावा.

म्हणूनच त्यांना पहिल्यांदा गाताना ऐकलं तेव्हा मी दारातच थबकले. मोटर बंद होती. ते एका साच्यावर वाकून मेण कोरत होते आणि काहीतरी संथ, लांबलचक गुणगुणत होते. कुठेही अडत नव्हते.

"हे काय गाताय, काका?"

"मिस्सेतलं आहे. जुन्या मिस्सेतलं. लॅटिन."

मी त्यांच्या धर्माची नाही. मिस्सा म्हणजे त्यांची रविवारची उपासना, एवढं ऐकून होते. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे मला त्यांनीच सांगितलं, तेही हप्त्याहप्त्याने, कवळ्या नेता-आणताना. पूर्वी मिस्सा सगळीकडे लॅटिनमध्ये व्हायची. फादर आणि लोक एकाच दिशेला, वेदीकडे, तोंड करून असायचे. पुढे ती लोकांच्या भाषेत आली, फादर लोकांकडे वळले, माईक आले, पेटीच्या जागी कीबोर्ड आला, मध्येच शेजाऱ्याशी हात मिळवायची पद्धत आली.

"पण आपल्या भाषेत असलं तर बरंच नाही का? कळतं तरी," मी म्हणाले.

काकांनी बराच वेळ घेतला. "कळायला मला सगळं कळतं, डॉक्टर. पण तिथे सारखं बोलावं लागतं. हसून बोलावं लागतं. जुन्या मिस्सेत मी गप्प बसलो तरी तो माझा भाग असतो. आणि जे म्हणायचं ते शेकडो वर्षं ठरलेलं. तिथे मला कोणी घाई करत नाही."

त्यांच्या चर्चमध्ये एक म्हातारे फादर होते. त्यांनी बिशपची परवानगी काढून दर रविवारी सकाळी लवकर, बाजूच्या छोट्या प्रार्थनागृहात जुनी मिस्सा चालू ठेवली होती. येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी: एक निवृत्त टपालवाला, दोन अबोल बहिणी, एक रिक्षावाला जो मागच्या बाकावर बसून पेंगायचा, आणि काका-काकू. काकू मूळची नव्या मिस्सेतली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे आली आणि इकडचीच झाली. मला म्हणायची, "अगं, हे आठवडाभर गिळून बसतात ना, ते सगळं तिथे सोडून येतात. रविवारी दुपारी माझ्याशी इतकं बोलतात, इतकं बोलतात, की मलाच म्हणावं लागतं, आता जेवा!"

म्हातारे फादर वारले आणि दोनच महिन्यांत बिशपचं पत्रक आलं. जुनी मिस्सा बंद. कारण दिलं होतं एकोप्याचं. एका चर्चमध्ये दोन तऱ्हा नकोत, सगळ्यांनी एकाच वेदीभोवती यावं. पत्रक भर मिस्सेत वाचून दाखवलं गेलं आणि पुढचं गाणं लगेच सुरू झालं.

काकांना सगळ्यात जास्त लागलं ते पत्रक नव्हे. पुढच्या आठवड्यात चर्चच्या साप्ताहिकात एका प्राध्यापकांचा लेख आला. हे प्राध्यापक तिथे दर अंकात सदर लिहीत. चर्चमध्ये काय चाललंय आणि त्याचा अर्थ लोकांनी काय घ्यायचा, हे समजावून सांगणं हे त्यांचं काम. भाषा गोड, वाक्यं चांगली घोटलेली. जुन्या मिस्सेला चिकटून बसणारे लोक वाईट नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. ते फक्त घाबरलेले आहेत. त्यांना देव नको, लहानपण हवं आहे. त्यांच्याशी प्रेमाने वागावं, ते थोडे आहेत आणि वयस्क आहेत, काळच हा प्रश्न सोडवील.

काकांनी तो अंक माझ्यापुढे ठेवला. "म्हणजे आम्ही मरायची वाट बघा, असंच ना?"

"असं सरळ म्हटलेलं नाही त्यांनी."

"नाही. चांगल्या भाषेत म्हटलंय."

काका-काकू बिशपना भेटायला गेले होते. चांगले कपडे घालून, बसने. बाहेरच्या खोलीत ते सकाळपासून बसले. सचिव म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत. खिडकीतून खाली साहेबांची गाडी दिसत होती, ड्रायव्हर ती फडक्याने पुसत होता. काकूने ते सचिवाला दाखवलं. सचिव म्हणाला, "गाडी इथेच ठेवून गेलेत." घरी परतताना काकू बसमध्ये इतकी हसली की काकांनाही हसू आलं. ही गोष्ट ती कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती. कोणी घरात असूनही फोन उचलला नाही, की काकू म्हणे, "गाडी इथेच ठेवून गेलेत!"

मग काकू आजारी पडली. आजार पोटाचा होता आणि उशिरा कळला. मी अधूनमधून जाऊन बसायची. शेवटच्या दिवसांत ती काकांना एकच सांगत होती, "अहो, मला जुन्या पद्धतीने पोचवा. तो कीबोर्ड नको."

चर्चमध्ये तेव्हा नवे फादर आले होते. तरुण, उंच, सतत घाईत असलेले. काका त्यांच्याकडे गेले. मिस्सा नको तर नको, निदान दफनाच्या वेळची जुनी प्रार्थना तरी म्हणाल का, असं त्यांना विचारायचं होतं. पण मिस्सा या शब्दावरच ते अडले आणि फादरनी वाक्य पुरं केलं: "जुनी मिस्सा हवी आहे ना? काका, माझे हात बांधलेत हो. पत्रक बघितलंत ना तुम्ही?" काकांनी मान डोलावली आणि परत आले.

काकूच्या अंत्यविधीला मी गेले होते. चर्च भरलं होतं, काकांची मुलगी जावयाबरोबर दूरच्या शहरातून आली होती. कीबोर्ड होता. फादर चांगलं बोलले, तसं म्हटलं तर. काकू किती हसतमुख होती, सगळ्यांना कशी हवीहवीशी होती, वगैरे. आणि शेवटी माईकवर म्हणाले, "चला, या सुंदर आयुष्यासाठी आपण सगळे मिळून टाळ्या वाजवू या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही दोनदा टाळी वाजवली असेल, सगळे वाजवत होते म्हणून. मग माझं लक्ष काकांकडे गेलं. पहिल्या बाकावर ते ताठ उभे होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसलेले. मुलगी त्यांच्या दंडाला धरून होती. त्यांचा चेहरा मी नाही विसरणार. एखाद्याचं दार ढकलून सगळ्यांनी आत शिरावं आणि त्याला काही बोलता येऊ नये, तसा होता तो चेहरा.

दफन झाल्यावर माणसं पांगली. मी त्यांना घरी सोडणार होते, म्हणून फाटकापाशी गाडीजवळ थांबले. काका थडग्यापाशी एकटेच राहिले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. ते गात होते. लॅटिन, तेच संथ, तेच न अडणारं. माती ओढणारा माणूस फावडं टेकवून बाजूला उभा राहिला. गाऊन झाल्यावर काका खाली वाकले, मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "चला."

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं.

मुलगी म्हणत होती, "बाबा, चला आमच्याकडे." ते गेले नाहीत. तिच्या घरी रविवारी कोणी चर्चला जात नव्हतं आणि त्यावरून दोघांत आधीच बोलाचाली झालेल्या. घरी ते एकट्यापुरतं शिजवायचे आणि खोलीवर आणून कामाच्या टेबलावरच साचे बाजूला सारून जेवायचे. काकू असताना ते टेबल जेवणाला कधी लागलं नव्हतं. गाणं बंद झालं. त्याच्या जागी आता मोबाईल असे, मेणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि त्यात एक माणूस तावातावाने बोलत असे.

तो स्वतःला पहारेकरी म्हणवून घ्यायचा. खरं नाव काय होतं कोण जाणे. रोज संध्याकाळी थेट प्रसारण. मागे मोठा क्रूस, पुढे मोठा माईक, आणि दीड-दोन तास बिशप लोकांची बिनपाण्याने. कोणत्या बिशपनी कुठे काय म्हटलं, कोणत्या चर्चमधून जुनी वेदी काढून टाकली, कोण विकला गेला, कोण भित्रा. बोलायला पटाईत. त्याच्या तोंडून एकही शब्द अडत नव्हता.

"काका, हा माणूस सारखा ओरडत का असतो?" मी एकदा विचारलं.

"ओरडतो. पण खोटं नाही बोलत," काका म्हणाले. मग जरा थांबून, "निदान आमच्याबद्दल बोलतो तरी. प्राध्यापकांच्या लेखी आम्ही आजारी. बिशपांच्या लेखी आम्ही नाहीच."

हे खरंच तर होतं. त्यांचा राग मला खोटा वाटत नव्हता. ज्या घरात माणूस आयुष्यभर वावरला, तिथलं सामान न विचारता बाहेर काढलं, आणि वर म्हणाले, तुम्ही सामानाला चिकटून बसता. असं काहीसं झालं होतं. पण तो राग आता दिवसभर त्या खोलीत चालू असायचा, मोटरसारखा. दोन कवळ्या घट्ट होऊन परत आल्या. आधी असं कधी झालं नव्हतं.

आणि एके संध्याकाळी काका त्या प्रसारणात बोलले.

पहारेकरी लोकांचे फोन घ्यायचा. काका फोन करतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे त्यांच्या कपाळावर घाम येई. पण काकूला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि चर्चमध्ये कोणी तिचं नाव काढलं नव्हतं. त्यांना बोलायचं होतं. मी ते नंतर ऐकलं, सगळ्या गल्लीने ऐकलं. काका सुरू करतात, "माझ्या बायकोच्या अंत्यविधीला फादर..." आणि अडतात.

"हसले?" पहारेकरी विचारतो.

"न... न..."

"नाचगाणी केली! बोला काका, घाबरू नका! प्रेत समोर असताना यांनी नाचगाणी केली, हो ना?"

"ट... टा..."

"टवाळी केली! ऐकताय ना, लोकहो? एका विधुराच्या अश्रूंची टवाळी! या माणसाला बोलता येत नाहीये इतकं दुःख झालंय!"

पुढे काकांचा आवाजच नाही. तेवढा तुकडा कापून वेगळा फिरला. चर्चचं नाव पहारेकऱ्याने काकांकडून आधीच, फोन जोडायच्या वेळी, घेतलं होतं. दोन दिवसांत फादरना कुठून कुठून फोन येऊ लागले. शिव्या, शाप, मध्येच कोणीतरी नुसतंच हसून ठेवून द्यायचं. चर्चच्या भिंतीवर काळ्या रंगाने कोणी 'ढोंगी' असं लिहून गेलं.

काका माझ्याकडे आले ते दुपारी, दवाखाना बंद करायच्या वेळी. त्यांच्या बाहीला अजून प्लास्टर लागलेलं होतं. "मी टाळ्या म्हणत होतो, डॉक्टर. फक्त टाळ्या. ते हसले असं मी कसं म्हणेन? ते नाही हसले."

"हे फादरना सांगा ना."

"तोंड कुठलं दाखवू?"

पण ते गेले. त्या दिवशीच गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला पुढे इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथे होते असं वाटतं. फादर स्वयंपाकघरात उभे राहून आपला कप विसळत होते. फोन टेबलावर उलटा ठेवलेला. डोळ्यांखाली काळं झालेलं. काकांना बघून ते म्हणाले, "बसा." आणि समोर बसले. काकांनी तोंड उघडलं, अडले, मान खाली गेली.

फादर काही बोलले नाहीत. ते थांबले. काका म्हणतात, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता आणि फादर तसेच बसून होते. घाई नाही, दया नाही. शेवटी काकांच्या तोंडून वाक्य आलं. "तुम्ही हसलात असं मी म्हणालो नाही. टाळ्या वाजवायला लावल्यात, एवढंच म्हणायचं होतं. ते मला फार लागलं."

"टाळ्या," फादर म्हणाले. हातातला कप त्यांनी टेबलावर ठेवला. "मला वाटलं लोकांना बरं वाटेल. लोक रडत होते ना. कोणी रडायला लागलं की मला काय करावं ते सुचत नाही, काका. मग मी काहीतरी करतो." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही त्या आधी आला होतात. तेव्हा तुम्हाला काय मागायचं होतं? मिस्सा नव्हती ना मागायची?"

"नाही. नुसती कबरीवरची प्रार्थना."

"तिला तर पत्रकात मनाई नाही," फादर म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

नंतर त्यांनी कबूल केलं की तेव्हा हे लक्षात आलं असतं तरी त्यांना ती म्हणता आली नसती. लॅटिन त्यांना जेमतेम वाचता येत होतं, गाणं तर कोणी शिकवलंच नव्हतं. "शिकवाल का?" त्यांनी विचारलं.

त्या पावसाळ्यात दर गुरुवारी दुपारी काका चर्चच्या मागच्या खोलीत जाऊ लागले. तिथे कपाटात फादरचे झगे टांगलेले, खिडकीत वाळत घातलेली वेदीची फडकी. दोघे समोरासमोर बसून काकूसाठीच्या त्या प्रार्थना म्हणत. काकांचं सगळं ऐकीव. म्हाताऱ्या फादरना पुढचे दात नव्हते आणि त्यांचे काही शब्द फुसफुसत यायचे, तेही काकांनी श्रद्धेने जसेच्या तसे उचललेले. तरुण फादर शब्दकोश उघडून म्हणत, "काका, असा शब्दच नाही हो," आणि काका म्हणत, "मी लहान होतो तेव्हापासून आहे." मग दोघे हसत. चाल मात्र फादरना काही केल्या जमत नसे. वर जायच्या जागी खाली यायचे. काका मेण वितळवायच्या चमच्याने टेबलावर ठेका धरत.

एका गुरुवारी दोघे थडग्यावर जाऊन आले. फादरनी प्रार्थना गायली, दोनदा चुकले, काकांनी मागून सावरून घेतलं. मला सांगताना काका म्हणाले, "तिला हसूच आलं असेल." त्या आठवड्यात त्यांच्या खोलीत मोबाईल बंद होता.

काकांनी पहारेकऱ्याला निरोप पाठवला होता की तो तुकडा काढून टाका, फादर तसे नाहीत. उत्तर आलं नाही. त्यांनी त्या तुकड्याखाली स्वतः लिहिलं, 'मीच तो विधुर. मी असं बोललो नव्हतो.' तासाभरात ते पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं गेलं. मग एके संध्याकाळी पहारेकऱ्याने नवा कार्यक्रम केला, की त्या गरीब विधुरावर दबाव आणून त्याचं तोंड बंद करण्यात आलं आहे. काकांनी तो पूर्ण ऐकला. माझ्या समोर ऐकला. शेवटी म्हणाले, "हाही तेच करतो, डॉक्टर. माझं वाक्य."

पाऊस ओसरला आणि फादरची बदली झाली.

डोंगरातल्या एका लांबच्या चर्चवर, लगेच, आठवड्याच्या आत. पत्रकात लिहिलं होतं, वातावरण निवळावं म्हणून. पहारेकऱ्याने विजय साजरा केला: बघा, आपण आवाज उठवला आणि त्यांना हलवावं लागलं! प्राध्यापकांनीही आपल्या सदरात घोटीव वाक्यांत लिहिलं, की मूठभर माणसांच्या कडवटपणापायी एका उत्साही तरुण धर्मगुरूला जावं लागतं ही आपल्या सगळ्यांसाठी विचार करण्याची वेळ आहे. दोघेही काकांबद्दलच बोलत होते. दोघांपैकी एकानेही त्यांना काही विचारलं नव्हतं.

या वेळी बिशप भेटले. मीच गाडीने घेऊन गेले. काका आत गेले आणि मी दारापाशी खुर्चीवर बसले. दार उघडंच होतं. बिशप उठून पुढे आले, काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. प्रेमळ माणूस, खोटं कशाला सांगू. "या, बसा. तुम्ही किती सोसलंत ते मला कळलंय."

"फादरची ब... ब..."

"बदली केली ना," बिशप म्हणाले. "तुमचं म्हणणं पोचलं आमच्यापर्यंत. आता नवे येतील ते शांत स्वभावाचे आहेत. तुम्हाला त्रास व्हायचा नाही."

"नको. ते न..."

"नकोसे झाले होते, मला माहीत आहे. झालं गेलं विसरायचं. प्रार्थना करा त्यांच्यासाठी." त्यांनी काकांच्या खांद्यावर थोपटलं. दारात सचिव घड्याळ बघत उभा होता. बाहेर आणखी माणसं खोळंबली होती. मी उठून आत जायला निघाले, पण काकांनी हातानेच मला थांबवलं. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. सचिव खाकरला.

"त्यांना परत पाठवा," काका म्हणाले. "ते चांगले आहेत. मला त्यांची तक्रार कधीच करायची नव्हती."

बिशप गोंधळले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं काहीतरी आलं, आणि मग ते मावळलं. "बघू," ते म्हणाले. "आता आदेश निघाला आहे. लगेच फिरवला तर लोकांत चुकीचा संदेश जाईल. पण बघू."

आदेश फिरला नाही. नवे फादर आले ते खरंच शांत स्वभावाचे आहेत. मिस्सा वेळेवर सुरू होते आणि वेळेवर संपते. त्यांनी भिंत रंगवून घेतली.

काका एकदा दुसऱ्या गावी जाऊन आले. तिथे काही लोक एक भाड्याचा हॉल घेऊन जुनी मिस्सा करतात, बिशपला न विचारता. मिस्सा छान होती म्हणाले, अगदी नीट, गाणारे तरुण होते. पण नंतर चहाच्या वेळी कोणीतरी त्यांना आवाजावरून ओळखलं. 'ते विधुर!' म्हणून गराडा पडला. सगळे कोणत्या बिशपचं काय करायला हवं यावर बोलत होते. काकांनी फादर चांगले होते असं सांगायचा प्रयत्न केला तेव्हा एक बाई म्हणाली, "काका, तुम्ही फार साधे आहात." ते पुन्हा गेले नाहीत.

मी त्यांना सरळ विचारलं, "काका, मग सोडून का देत नाही सगळंच? घरीच प्रार्थना करा."

ते एका खालच्या कवळीची कड घासत होते. मोटर बंद केली. "कुठे जाऊ? माझं दुसरं काही नाहीच ना. बिशप चुकले असं मला आजही वाटतं. फार चुकले. पण माझे बिशप तेच आहेत. बापाने ऐकलं नाही म्हणून दुसरा बाप आणता येतो का?"

"मग राग?"

"आहे की. तो कुठे जातो!"

रविवारी ते आता सगळ्यांच्याच मिस्सेला जातात. शेवटच्या बाकावर, खांबाच्या बाजूला. हात मिळवायची वेळ आली की समोरचा जो कोणी असेल त्याचा हात धरतात, पण लवकर सोडतात. ख्रिस्तप्रसाद घेताना सगळे उभे असतात आणि ते एकटे गुडघे टेकतात. मागच्यांची रांग तेवढी अडते, कोणी उसासा टाकतं. जुन्या मिस्सेतला टपालवाला वारला. अबोल बहिणी येत नाहीत. रिक्षावाला येतो, पण तो पेंगतोच.

डोंगरातले फादर कधीतरी फोन करतात. तिथे फोन नीट लागत नाही. दोघांचं बोलणं फारसं होत नाही, पण फोन बराच वेळ चालू असतो. मी एकदा तिथे असताना असाच फोन आला होता. काका कानाला मोबाईल लावून साच्यांच्या फळीकडे बघत नुसते ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "वर जायचं तिथे. खाली नाही." पुन्हा ऐकत राहिले. मग फोन तुटला. त्यांनी दोन-तीनदा लावून बघितला आणि ठेवून दिला.

परवा मी माप द्यायला माणूस पाठवला तर खोलीला कुलूप. काकांनी नंतर सांगितलं, दुपारी जेवण झाल्यावर ते आता तासभर चर्चमध्ये जाऊन बसतात, तेव्हा तेवढा वेळ सोडून माणूस पाठवा. त्या वेळी तिथे कोणी नसतं. झाडलोट करणारी बाई पंखे बंद करून गेलेली असते. मी विचारलं, गाता का तिथे? ते म्हणाले, नाही, दुपारी आजूबाजूला लोक झोपलेले असतात.